सेरेब्रल पाल्सी : नाशिकच्या पालकांनी काय ओळखावे, कोठे जावे आणि घरी काय करावे

आमचा मुलगा बत्तिसाव्या आठवड्यात जन्मला. वजन दीड किलोच्या आत होते आणि पहिले चोवीस दिवस तो काचेच्या पेटीत होता. सहाव्या महिन्यात लंगोट बदलताना मला प्रथम जाणवले की त्याचे पाय सहज फाकत नाहीत. मांड्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असत आणि त्याला उभे धरले की पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढत. ज्या डॉक्टरांना आम्ही दाखवत होतो, त्यांनी 'कमी दिवसांचे बाळ आहे, सगळे उशिरा करेल' असे सांगून आम्हाला दोनदा परत पाठवले. निदान झाले तेव्हा तो सतरा महिन्यांचा होता. आज तो पंधरा वर्षांचा असून कुबड्या घेऊन नववीच्या वर्गात जातो. मधले जे अकरा महिने आमच्या हातून गेले, ते दुसऱ्या कोणाचे जाऊ नयेत म्हणून हे लिहीत आहे.

हा आजार नेमका काय आहे

सेरेब्रल पाल्सीला सरकारी कागदपत्रांत मेंदूचा पक्षाघात म्हणतात आणि थेरपी केंद्रांत सगळेजण नुसते 'सी. पी.' म्हणतात. वाढत्या मेंदूला गर्भात असताना, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात इजा झाल्यामुळे हालचाल आणि शरीराचा तोल यांवर कायमचा परिणाम होतो, त्या अवस्थेला हे नाव आहे. मेंदूतील इजा पुढे वाढत नाही. मात्र मूल वाढत असते, हाडे लांब होत असतात आणि ताठ स्नायू त्या वेगाने वाढत नाहीत, म्हणून लक्ष दिले नाही तर सांधे आखडत जातात आणि 'आधी बरा होता, आता बिघडला' असे घरच्यांना वाटू लागते. हा फरक नीट समजून घेतला तर उपचारांची दिशा आपोआप कळते: इजा पुसता येत नाही, तिचे शरीरावर होणारे परिणाम मात्र पुष्कळ प्रमाणात रोखता येतात.

जगभरात साधारणपणे दर हजार जिवंत जन्मांमागे दोन ते तीन मुलांना ही अवस्था येते. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मतः मेंदूला प्राणवायू कमी पडणे, गरोदरपणातील संसर्ग, नवजात बाळाच्या मेंदूतील रक्तस्राव, मेंदूज्वर आणि वेळीच उपचार न झालेली तीव्र कावीळ ही त्याची प्रमुख कारणे आहेत, तर काही मुलांत कारण शेवटपर्यंत सापडत नाही. ग्रहणात आईने काही चिरले, डोहाळजेवणात काही चुकले किंवा कोणाची नजर लागली, यांपैकी कशानेही सेरेब्रल पाल्सी होत नाही. हे वाक्य मी मुद्दाम लिहिले आहे, कारण माझ्यासारख्या अनेक आयांना हे ऐकवले गेलेले आहे आणि त्या अपराधाच्या भावनेत उपचारांचे मोलाचे महिने निघून जातात.

सुमारे ८० टक्के मुलांत स्नायू ताठ असतात. एका बाजूचा हात-पाय, दोन्ही पाय किंवा चारही अवयव यांत सापडू शकतात. काही मुलांत हात-पाय-चेहरा यांच्या नको त्या, पिळवटल्यासारख्या हालचाली होतात. तीव्र कावीळ होऊन गेलेल्या मुलांत हा प्रकार दिसतो आणि अशा मुलांची श्रवणचाचणी करणे फार आवश्यक असते. तोल जाणे आणि हात थरथरणे हा तिसरा, कमी आढळणारा प्रकार आहे.

कोणत्या खुणा दिसल्या तर थांबू नये

आपल्याकडे बाळाची प्रगती विचारण्याची भाषा पिढ्यानपिढ्या ठरलेली आहे: मान धरली का, पालथा पडतो का, बसतो का, रांगतो का. हीच भाषा येथे उपयोगी पडते. चार महिन्यांपर्यंत मान न धरणे, तेव्हाही मुठी सतत आवळलेल्या असणे, नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय न बसणे, उभे धरल्यावर पाय ताठ होऊन चवड्यांवर उभे राहणे, दूध ओढताना वारंवार ठसका लागणे, किंवा उलट अंग अगदी कापसाच्या बाहुलीसारखे सैल असणे, या सगळ्या तपासून घेण्याच्या गोष्टी आहेत. एक खूण घरच्या लोकांना हमखास फसवते. वर्षाच्या आतले बाळ प्रत्येक वस्तू एकाच हाताने घेऊ लागले की 'डावखुरा होणार' किंवा 'उजव्याचा पक्का आहे' असे कौतुक होते. या वयात निरोगी बाळ दोन्ही हात वापरते. एकच हात पुढे येत असेल तर दुसऱ्या हाताची तपासणी झाली पाहिजे.

अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी वय मोजताना जितके आठवडे लवकर जन्म झाला तितके वजा करावेत. दोन महिने आधी जन्मलेले बाळ सहा महिन्यांचे झाले की त्याच्याकडून चार महिन्यांच्या बाळाची अपेक्षा ठेवावी. हा हिशोब करूनही बाळ मागे असेल, तर 'उशिरा करेल' हे उत्तर पुरेसे मानू नये. प्रशिक्षित तज्ज्ञ बाळाच्या आपोआप होणाऱ्या हालचालींचे निरीक्षण, मज्जासंस्थेची पद्धतशीर तपासणी आणि गरजेनुसार एमआरआय यांच्या आधारे पहिल्या सहा महिन्यांच्या सुमारासही निदान किंवा 'दाट शक्यता' असा निष्कर्ष काढू शकतात. शिक्का लागण्याची वाट न पाहता, शक्यता कळताच थेरपी सुरू करावी. मेंदूची जुळवून घेण्याची क्षमता पहिल्या दोन वर्षांत सर्वाधिक असते आणि मूल निरोगी निघाले तरी व्यायामाने काही बिघडत नाही.

नाशिकमध्ये सुरुवात कोठून करावी

त्र्यंबक रोडवरील जिल्हा शासकीय रुग्णालय हे पहिले ठिकाण समजावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघर येथून सुरू झाला आणि त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी व जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे लहान वयातच थेरपी सुरू करणाऱ्या केंद्राची, तरतूद आहे. अंगणवाडीत आणि शाळेत येणारे तपासणी पथक याच कार्यक्रमाचे असते. सुरगाणा, पेठ, कळवण किंवा त्र्यंबकेश्वर तालुक्यातील कुटुंबांनी आशाताईंकडे किंवा अंगणवाडी सेविकेकडे शंका सांगून या पथकाची संदर्भचिठ्ठी घ्यावी; चिठ्ठी हातात असली की जिल्हा रुग्णालयात कोणाला भेटायचे हा प्रश्न राहत नाही. आडगाव येथील डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय निफाड-चांदवडकडच्या लोकांना सोयीचे आहे, तर इगतपुरीकडच्यांना घोटीजवळचे एसएमबीटी रुग्णालय जवळ पडते. गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेसाठी किंवा दुसऱ्या मतासाठी मुंबईला जायचे ठरले, तर परळचे वाडिया बालरुग्णालय आणि हाजीअली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था येथे जाता येते.

पहिल्या भेटीला जाताना प्रसूतीचे कागद, नवजात कक्षातील डिस्चार्ज कार्ड आणि मोबाईलवर काढलेले तीन-चार छोटे व्हिडिओ न्यावेत: बाळ पाठीवर पडून खेळताना, दूध पिताना आणि उभे धरल्यावर. दवाखान्यात बाळ रडते आणि रडताना प्रत्येकच बाळ ताठ होते, त्यामुळे घरच्या व्हिडिओतून डॉक्टरांना खरे चित्र कळते.

निदान झाल्यावर डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत. पहिला, हालचालींच्या पाच स्तरांपैकी माझे मूल कोणत्या स्तरावर आहे? पहिल्या स्तरावरील मूल आधाराशिवाय चालते, तिसऱ्यावरचे वॉकर किंवा कुबड्यांसह चालते आणि पाचव्यावरच्या मुलाला मान व धड सावरण्यासाठीही आधार लागतो. स्तर कळला की अपेक्षा वास्तवाला धरून ठेवता येतात. दोन वर्षांपर्यंत आधाराशिवाय बसू लागलेली मुले पुढे चालण्याची शक्यता चांगली असते, हेही लक्षात ठेवावे. दुसरा प्रश्न, डोळे, कान आणि फिट यांची तपासणी कधी करायची? सुमारे चारांतील एका मुलाला फिट येतात आणि निम्म्या मुलांत बौद्धिक अक्षमता असते. याचाच दुसरा अर्थ असा की उरलेल्या निम्म्या मुलांची बुद्धी शाबूत असते, आणि बोलता न येणाऱ्या मुलाला समजत नाही असे गृहीत धरणे हा त्याच्यावर मोठा अन्याय आहे. तिसरा प्रश्न, खुब्याचा एक्स-रे कधी काढायचा?

या तिसऱ्या प्रश्नावर मी जास्त लिहिते, कारण तो बहुतेक पालकांना कोणी सांगतच नाही. ताठ स्नायूंच्या ओढीमुळे मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीतून हळूहळू बाहेर सरकतो. सुमारे एकतृतीयांश मुलांत असे होते. पाचव्या स्तरावरील मुलांत हे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास जाते. सुरुवातीला दुखत नाही, दिसत नाही. पुढे मूल मांडीवर घेतले की रडते, लंगोट बदलता येत नाही, बसता येत नाही, आणि तोपर्यंत छोट्या शस्त्रक्रियेची वेळ निघून गेलेली असते. एक ते दोन वर्षांच्या दरम्यान पहिला एक्स-रे आणि तिसऱ्या ते पाचव्या स्तरावरील मुलांसाठी त्यानंतर दर सहा महिने ते वर्षाने एक, एवढी शिस्त पाळली तर हे टाळता येते.

घर हीच थेरपीची जागा

फिजिओथेरपिस्टकडे आठवड्यातून दोन किंवा तीन तास होतात, उरलेला आठवडा मूल घरीच असते. केंद्रात जाऊन पाय ओढून घेणे आणि घरी दिवसभर पलंगावर आडवे ठेवणे, असे असेल तर त्या दोन तासांचा फारसा उपयोग होत नाही. अलीकडच्या अभ्यासांनीही हेच दाखवले आहे की दुसऱ्याने हात-पाय हलवून देण्यापेक्षा मुलाने स्वतः, त्याला हव्या असलेल्या गोष्टीसाठी, पुन्हा पुन्हा केलेला प्रयत्न अधिक गुणकारी असतो. म्हणून थेरपिस्टबरोबर उद्दिष्ट ठरवताना 'स्नायू सैल करणे' असे न म्हणता 'स्वतःच्या हाताने पोळीचा तुकडा तोंडात घालणे' किंवा 'मोरीपर्यंत धरून जाणे' असे ठरवावे.

आपल्याकडची कडेवर घेण्याची पद्धत ताठ पायांच्या मुलासाठी उत्तम आहे, कारण त्यात मांड्या फाकतात आणि गुडघे वाकतात. दोन्ही हातांवर आडवे धरून नेण्याने मात्र मूल अधिकच ताठते. कपडे घालताना जास्त अडचणीचा हात आधी बाहीत घालावा आणि काढताना तो शेवटी काढावा. मालीश करायला हरकत नाही, त्वचेला आणि मुलाला ते बरे वाटते, परंतु ताठ सांधा जोर लावून ओढू नये. बैठक असलेला चाकांचा वॉकर आणू नये, त्यात मूल चवड्यांवरच ढकलत राहते. लाकडी पांगुळगाडा थेरपिस्टने मुलाची तयारी पाहून सांगितला तरच द्यावा.

बसण्याची व्यवस्था ही घरातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. आमच्याकडे सिडकोतल्या एका सुताराने थेरपिस्टने दिलेल्या मापांवरून प्लायवूडची कोपऱ्यासारखी खुर्ची बनवली: पाठ दोन फळ्यांच्या कोनात टेकेल अशी, मांड्यांच्या मध्ये कापडाने मढवलेला ठोकळा आणि पुढे ताट ठेवण्यासाठी अडकवता येणारी फळी. पहिल्या दिवशी त्याला त्यात बसवले तेव्हा दोन्ही हात प्रथमच मोकळे झाले आणि त्याने समोरच्या वाटीतले चुरमुरे मुठीने उचलून जमिनीवर सांडले. मी ते आवरले आणि पुन्हा वाटी भरली. तो दिवसभर हेच करत राहिला. तोपर्यंत त्याचे हात तोल सावरण्यातच गुंतलेले होते, ही गोष्ट मला खुर्चीने शिकवली.

भरवणे हा स्वतंत्र विषय आहे. आडवे झोपवून, नाक दाबून किंवा मान मागे टाकून भरवल्याने अन्न श्वासनलिकेत जाते आणि वारंवार छातीत कफ व न्यूमोनिया होतो. मूल सरळ बसलेले, हनुवटी किंचित खाली आणि भरवणारी व्यक्ती मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर समोर असावी. चमचा लहान व उथळ घ्यावा, वरून न आणता समोरून ओठांशी आणावा आणि ओठ मिटेपर्यंत थांबावे. चमचा चावून धरणाऱ्या मुलाला धातूऐवजी मऊ सिलिकॉनचा चमचा द्यावा. पातळ पाणी व वरणाच्या निवळीपेक्षा घट्टसर नाचणीचे सत्त्व, मऊ खिचडी, कुस्करलेले केळे हे अनेक मुलांना सोपे जाते. प्रत्येक जेवणात ठसका लागत असेल, जेवायला तासाच्या वर वेळ जात असेल किंवा वजन वाढत नसेल, तर गिळण्याची तपासणी करून घ्यावी. काही मुलांना पोटातून नळीने अन्न देण्याचा निर्णय घ्यावा लागतो आणि तो आईचा पराभव नाही. तूप-तेल घालून जेवणातील उष्मांक वाढवणे, बद्धकोष्ठतेकडे लक्ष देणे आणि दात रोज घासून देणे हेही त्यातच आले. कारण न कळता मूल रडत असेल तर आधी दुखण्याचा विचार करावा. दात, पोट आणि खुबा या तीन जागा सर्वप्रथम पाहाव्यात.

फिट आल्यास मुलाला कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे, तोंडात काहीही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये. फिट पाच मिनिटांहून अधिक चालली किंवा एकामागून एक येऊ लागल्या तर तत्काळ रुग्णालय गाठावे; १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका त्यासाठीच आहे.

औषधे, इंजेक्शने, शस्त्रक्रिया

पायाच्या घोट्याला धरणारे स्प्लिंट रोज घालायचे असतात आणि पाऊल वाढले की बदलायचे असतात. कपाटात पडलेले स्प्लिंट मी अनेक घरांत पाहिले आहेत. बोट्युलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनाने ठरावीक स्नायू साधारण तीन महिने सैल होतो, म्हणून त्या काळात थेरपी वाढवण्याची तयारी असेल तरच त्यावर खर्च करावा. बॅक्लोफेन हे स्नायू सैल करणारे औषध सुरू असल्यास ते एकदम बंद करू नये, त्याने जिवाला धोका होऊ शकतो. हाडांच्या व स्नायूंच्या शस्त्रक्रिया शक्यतो एकत्रित नियोजन करून कराव्यात, अन्यथा दरवर्षी प्लास्टर आणि दरवर्षी शाळा बुडणे असे चक्र सुरू होते. एका बाजूचा हात कमी वापरणाऱ्या मुलाचा चांगला हात काही तास बांधून दुसऱ्याकडून काम करवून घेण्याची पद्धत सिद्ध झालेली आहे. ती थेरपिस्टच्या देखरेखीखाली करावी.

मूळपेशी (स्टेम सेल) उपचारांच्या जाहिरातींविषयी मला स्पष्ट लिहायचे आहे. लाखो रुपये घेऊन सेरेब्रल पाल्सी 'मुळापासून' बरी करण्याचे आश्वासन देणाऱ्या उपचारांना मान्यताप्राप्त वैद्यकाचा आधार नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नोंदणीकृत चाचणीच्या बाहेर पैसे घेऊन असे उपचार देणे योग्य नाही. उच्च दाबाच्या प्राणवायूच्या पेटीचाही उपयोग सिद्ध झालेला नाही. शेत किंवा दागिने विकून हा खर्च केलेली कुटुंबे मी पाहिली आहेत; त्याच पैशांत पाच-सहा वर्षांची थेरपी आणि चांगली व्हीलचेअर झाली असती. त्र्यंबकेश्वरला शांती करून मनाला आधार मिळत असेल तर ती श्रद्धेची बाब आहे, मात्र त्यासाठी थेरपीची किंवा एक्स-रेची तारीख चुकवू नये.

न बोलणाऱ्या मुलाला संवादाचे साधन लवकर द्यावे. त्याने बोलणे मागे पडते ही भीती निराधार आहे. घरच्या वस्तूंचे फोटो लावलेला पुठ्ठा, 'हो'साठी वर पाहणे आणि 'नाही'साठी डोळे मिटणे, इथून सुरुवात होते. आयआयटी मुंबईने तयार केलेले 'जेलो' हे मोफत ॲप चित्रांवर बोट ठेवले की मराठीत बोलते.

प्रमाणपत्र, योजना आणि शाळा

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये समाविष्ट असलेल्या २१ दिव्यांगत्वांत सेरेब्रल पाल्सी आहे. स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी झाल्यावर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, मिळते. बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. लहान वयात मिळालेले प्रमाणपत्र काही वर्षांपुरतेच असू शकते, त्यामुळे मुदतीची तारीख वहीत लिहून ठेवावी. प्रमाणपत्राने मुलावर शिक्का बसतो असे वाटून आम्ही चार वर्षे ते काढले नाही, आणि त्या काळातील सगळे लाभ गमावले.

राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते, त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही आणि तिच्यात थेरपीचा खर्चही येतो. पात्र कुटुंबांनी संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करावा. महापालिका, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत हा प्रश्न लेखी विचारावा. कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीची सी. पी. खुर्ची केंद्राच्या साहाय्यभूत साधनांच्या योजनेतून मिळू शकते. आयकर भरणाऱ्या पालकांना जुन्या करप्रणालीत कलम ८०डीडीखाली ७५,००० रुपयांची, आणि ८० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वासाठी १,२५,००० रुपयांची वजावट मिळते.

किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना जवळच्या शाळेत किंवा त्यांच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. बुद्धी चांगली असेल तर नेहमीच्या शाळेचाच आग्रह धरावा. मुख्याध्यापकांना भेटताना निदानाचा कागद पुढे करण्याऐवजी मुलाला काय लागते ते सांगावे: तळमजल्यावरचा वर्ग, पाय टेकतील असे बाक, शौचालयात धरायला दांडी आणि लिहिण्यासाठी जादा वेळ. गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक यात मदत करतात आणि शाळेत जाऊ न शकणाऱ्या मुलाला घरी शिकवण्याचीही सोय असते. दहावीला लेखनिक आणि जादा वेळ मिळतो, परंतु त्यासाठीचा अर्ज शाळेमार्फत आधीच करावा लागतो. बौद्धिक अक्षमताही असलेल्या मुलांसाठी नाशिकमध्ये रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये सुरू केलेल्या प्रबोधिनी ट्रस्टच्या शाळेसारखी जुनी, अनुभवी संस्था आहे.

वाढत्या मुलाला उचलून आईची पाठ जाते, हे मी स्वतःच्या मणक्यावरून सांगते. पलंग आणि खुर्ची एका उंचीवर आणणे, उचलताना गुडघ्यांतून वाकणे आणि आठवड्यातील ठरावीक वेळ मुलाची पूर्ण जबाबदारी वडिलांनी किंवा आजी-आजोबांनी घेणे हे सुरुवातीपासून ठरवावे. भावंडांनाही त्यांचा स्वतंत्र वेळ मिळायला हवा.

मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याने ते सज्ञान होते आणि स्वतःचे निर्णय घेऊ न शकणाऱ्या व्यक्तीसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांचा सहभाग असलेल्या स्थानिक समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. आई-वडील म्हणून तो हक्क आपोआप पुढे चालत नाही. ज्याची समज शाबूत आहे त्याला पालकत्वाची गरज नसते, त्याला सहीची सवय लावावी लागते. आमच्या मुलाने गेल्या वर्षी बँकेत स्वतःच्या नावाचे खाते उघडले. फॉर्मवर तीन ठिकाणी सही करायला त्याला अकरा मिनिटे लागली, तिन्ही सह्या एकसारख्या आल्या नाहीत, आणि म्हणून आता तो रोज रात्री अभ्यासाच्या वहीच्या शेवटच्या पानावर दहा वेळा आपले नाव लिहितो.